शॅम्पेन-अर्बानाहून तारे बघायला जायचंय? आधी रात्र निवडा

इकडे सेंट्रल इलिनॉयमध्ये नवीन आलेली मंडळी विचारतात की तारे बघायला कुठे जायचं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो टेलिस्कोप कुठला घेऊ. माझं सांगणं असं की टेलिस्कोप राहू दे आणि जागेचंही नंतर बघू, आधी रात्र कुठली ते ठरवा. आपल्या इथे डोंगर नाही घाट नाही, गावाबाहेर दहा मैल गेलं की चहूकडे मका आणि सोयाबीन, म्हणजे उघडं आकाश हवं तेवढं आहे. पण रात्र चुकली तर तासभर गाडी हाकून जाऊन हाती काही लागत नाही.

आमची पहिलीच ट्रिप अशी गेली. तीन कुटुंबं, सगळ्यांना मोकळा मिळाला तो एक शनिवार, डबे भरले, मुलांना दुपारी बळंबळं झोपवलं, आणि तिथे पोचलो तर पूर्वेला मक्यामागून हा एवढा मोठा चंद्र वर आला. पौर्णिमा आदल्याच दिवशी होऊन गेली होती आणि कोणी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. चंद्र सुंदर होता, पण आकाश दुधाळ, मोजून वीस-पंचवीस तारे, मुलं विचारतायत आकाशगंगा कुठाय, आणि पाऊण तासात सगळे गाडीत. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कारण माझ्याच सांगण्यावरून सगळे आले होते.

तर चंद्र. भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्यात अमावस्या बघा. वद्य अष्टमीपासून पुढे अमावस्या आणि मग शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस आपल्या कामाचे, कारण वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळ काळोखी मिळते, आणि चतुर्थीची कोर लवकर मावळून जाते. भारतातल्या वेळा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तासांनी पुढे असतात त्यामुळे तिथी एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते, तारे बघण्यापुरता त्याने फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे आपण शाळेत शिकलोय ते सरासरीचं आहे, इथल्या अक्षांशावर सप्टेंबरच्या पौर्णिमेच्या आसपास तो रोज अर्ध्या तासाच्या आतबाहेरच उशिरा येतो, म्हणजे पौर्णिमेनंतर तीन दिवस थांबलो की संध्याकाळ काळोखी मिळेल हा हिशोब तेव्हा चालत नाही.

मग महिना. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून सगळ्यांना जून-जुलै हवा असतो, पण २१ जूनच्या आसपास इथे सूर्य साडेआठच्या जरा आधी मावळतो आणि खरा काळोख व्हायला साडेदहा वाजतात. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की आकाश पूर्ण काळं होतं, आणि ४० अंश उत्तरेला उन्हाळ्यात तो तिरपा तिरपा जातो म्हणून एवढा वेळ लागतो, पुण्याला सव्वा-दीड तासात काम होतं तिथे इथे दोन तास. लहान मुलं तोवर पेंगतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मक्याच्या पानांतून एवढी वाफ हवेत जाते की आकाश निरभ्र असूनही धुरकट दिसतं, आणि दव असं पडतं की नऊला मांडलेली खुर्ची अकराला पिळून काढावी.

म्हणून माझं मत ऑक्टोबर. सहा-साडेसहाला सूर्यास्त, आठला पूर्ण काळोख, डास गेलेले, हवा कोरडी, आणि उन्हाळ्यातली आकाशगंगा अजून डोक्यावरून नैऋत्येला उतरलेली असते. २०२६ मध्ये तर सर्वपित्री अमावस्या १० ऑक्टोबरला येतेय आणि तो शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. यापेक्षा चांगला मुहूर्त मला तरी दिसत नाही. ज्यांना उल्कावर्षाव बघायचाय त्यांनी त्याच वर्षीचा १२ ऑगस्ट धरा. पर्सिड्सचा जोर १२-१३ च्या रात्री असतो, आणि त्या दिवशी अमावस्याच आहे, आषाढी अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. घरी दिवे पूजा, कणकेचे दिवे खा आणि मग काळोखात या. वार बुधवार आहे, तेव्हा गुरुवारची सुट्टी आत्ताच टाका, कारण उल्का मध्यरात्रीनंतर वाढत जातात आणि पहाटेपर्यंत बसण्यातच मजा आहे. डिसेंबरात १३-१४ च्या जेमिनिड्स त्याहून जोरदार असतात पण थंडी उणे दहा-पंधरा सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, पहिल्यांदाच जाताय तर ते नको.

ढगांचं काय करायचं? नेहमीचं वेदर ॲप फक्त पाऊस आहे की नाही सांगतं, त्यावर जाऊ नका. क्लिअर स्काय चार्ट बघा, कॅनडाच्या हवामान खात्याच्या अंदाजावर बनलेला असतो, तासातासाचे चौकोन असतात, गडद निळा म्हणजे आकाश स्वच्छ आणि पांढरा म्हणजे ढग. त्यात एक ओळ पारदर्शकतेची असते, ती आपल्यासाठी फार महत्त्वाची, कारण आकाशगंगा बघायला हवा पारदर्शक लागते. इथला माझा ठोकताळा असा की कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, येऊन गेला, वायव्येचा कोरडा वारा सुटला की पहिल्या रात्री वाऱ्याने हाल होतात पण दुसऱ्या रात्री वारा पडतो आणि आकाश धुतल्यासारखं निघतं. आणि उन्हाळ्यात धुराचा नकाशाही बघून ठेवा. २०२३ च्या जूनच्या शेवटी कॅनडातल्या वणव्यांचा धूर इलिनॉयभर पसरला होता, ढग एक नाही पण तारेही नाहीत. म्हणून मी कधीच एक तारीख ठरवत नाही, शुक्रवार-शनिवार दोन्ही राखून ठेवायचे आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता ग्रुपवर कळवायचं की आज की उद्या.

आता जागा. आपल्या नशिबाने इथे लांब जावं लागत नाही. पेनफील्डजवळचं मिडल फोर्क रिव्हर फॉरेस्ट प्रिझर्व्ह हे इलिनॉयमधलं पहिलं इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क, २०१८ साली तो दर्जा मिळाला. अशा पार्कला दिवे झाकलेले आणि खाली तोंड केलेले ठेवावे लागतात, उजेड आकाशाकडे जाता कामा नये. शॅम्पेनहून आय-५७ ने उत्तरेला रँटूल, तिथून १३६ ने पूर्वेला गिफर्डवरून पेनफील्ड, पाऊण तास धरा. तिथे उभं राहिलं की नैऋत्येला शॅम्पेन-अर्बानाचा उजेड घुमटासारखा दिसतो, पश्चिमेला रँटूलचा, आग्नेयेला डॅनव्हिलचा थोडा, बाकी आकाश चांगलं काळं. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागतात एकदम विझतात, पहिल्यांदा बघताना जरा दचकायला होतं. प्रिझर्व्हच्या वेळा आणि रात्री कुठे थांबता येतं हे जायच्या आधी त्यांना फोन करून विचाराच. कॅम्पग्राउंडवर जागा घेतली तर प्रश्नच मिटतो, रात्रभर तिथेच.

कुणी म्हणेल एवढं लांब कशाला, कुठल्यातरी शेताच्या कडेला गाडी लावू. नका लावू. ती जमीन कुणाचीतरी आहे, रात्री अकराला अनोळखी गाडी दिवे बंद करून उभी दिसली की शेतकऱ्याला काळजी वाटणारच, आणि हंगामात कापणीची मोठमोठी कम्बाइनं रात्रीसुद्धा त्याच अरुंद रस्त्याने जातात. शिवाय बहुतेक प्रत्येक फार्महाउसच्या अंगणात रात्रभर जळणारा एक दिवा असतो, अर्ध्या मैलावरून पण तो डोळ्यात खुपतो.

रस्त्याबद्दल एक सांगतो, इथले गावाबाहेरचे रस्ते चौकटीच्या वहीसारखे आखलेले आहेत, मैलामैलावर एक, आणि नावं आकड्यांची, २२०० ईस्ट, २३०० ईस्ट अशी, आकड्यात शंभराचा फरक म्हणजे एक मैल. फोनला रेंज गेली तरी एवढ्यावर घरी येता येतं, तरी नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवाच. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मका माणसापेक्षा उंच असतो, चौकात आडवी येणारी गाडी दिसत नाही, काही चौकांत स्टॉपची पाटीसुद्धा नसते, तेव्हा प्रत्येक चौकात वेग कमी करा. अगदी प्रत्येक चौकात.

गाडीची तयारी आदल्या संध्याकाळी घरासमोर करून बघायची. हे कुणी करत नाही आणि मग तिथे फजिती होते. हल्लीच्या गाड्या दार उघडलं की आत लख्ख दिवा, डिकीत दिवा, किल्लीचं बटण दाबलं की चारही इंडिकेटर, इंजिन चालू केलं की हेडलाइट आपोआप. कुठला दिवा कुठून बंद होतो ते घरी शोधून ठेवा, जो बंदच होत नाही त्यावर लाल सेलोफेनचे दोन-तीन थर चिकटवा. गाडी लावताना तोंड रस्त्याकडे करून लावा म्हणजे निघताना रिव्हर्सचे पांढरे दिवे बाकीच्यांच्या डोळ्यावर येणार नाहीत.

एवढं का, तर आपल्या डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती मोडायला एक सेकंद. कुणी एकाने फोन उघडून मेसेज बघितला की त्याची अर्धा तासाची कमाई गेली, शेजारच्याचीही थोडी गेली. अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी लाल उजेडाला जवळजवळ दाद देत नाहीत म्हणून टॉर्चवर लाल कागद लावायचा आणि फोनला सेटिंगमधून लाल फिल्टर लावायचा, ब्राइटनेस सगळ्यात खाली. मुलांना आधीच समजावून सांगा, आमच्याकडे मुलांना लाल टॉर्चचा रखवालदार करतो, मग ते मोठ्यांनाच ओरडतात फोन बंद कर म्हणून, आणि ती जबाबदारी ते फार मनापासून पाळतात.

सामानात काय घ्यायचं हे जास्त वाढवत नाही. पाठ टेकून आडवं होता येईल अशा लॉन चेअर, नाहीतर ताडपत्री आणि त्यावर गोधडी, कारण उभं राहून मान वर करून दहा मिनिटांच्या वर कुणी बघू शकत नाही. ऑक्टोबरात दुपारी वीस डिग्री असली तरी रात्री पाचपर्यंत उतरते, आणि हालचाल न करता बसलं की त्याहून गार वाटतं, तेव्हा जॅकेट, कानटोपी, मोजे आणि प्रत्येकाला एक ब्लँकेट. गवतात टिक्स, म्हणजे गोचिडी, असतात, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर मुलांच्या मानेमागे, कानामागे बघा. डासांचा डीटवाला स्प्रे दुर्बिणीपासून लांब जाऊन मारा, प्लास्टिक आणि भिंगावरचा थर दोन्ही खराब होतात. खायला पोळीचे रोल, दशम्या, चिवडा, आणि थर्मासभर चहा. पेट्रोल शॅम्पेनमध्येच भरून घ्या, छोट्या गावातले पंप लवकर बंद होतात, टॉयलेटचंही तेच.

यंत्र घ्यायचंच असेल तर साधी १०×५० ची दुर्बीण. खुर्चीत रेलून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवले की ती हलत नाही, आणि देवयानी दीर्घिका (म्हणजे आपली सोडून दुसरी आकाशगंगा), कृत्तिकांचा घोस, आकाशगंगेतले तारकापुंज हे सगळं तिच्यात फार देखणं दिसतं. फोनवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप घ्या पण ते घरी बघा, त्या रात्रीच्या चार-पाच गोष्टी डोक्यात ठेवून निघा, तिथे फोन काढायची वेळ येऊ नये.

ऑक्टोबरच्या अमावस्येला आठ वाजता काय दिसेल ते सांगतो. डोक्यावर हंस तारकासमूह, त्यातून आकाशगंगा आरपार जाते, पश्चिमेकडे उंचावर अभिजितचा तारा, दक्षिणेला श्रवणाचा. ईशान्येला शर्मिष्ठेचा इंग्रजी डब्ल्यू उभा. तिच्या उजवीकडे पूर्वेच्या बाजूला देवयानी, आणि तिथे नुसत्या डोळ्याला पुसट कापसाचा ठिपका दिसतो ती दुसरी आकाशगंगा, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. सरळ तिच्याकडे बघाल तर गायब होईल, जरा बाजूला बघा म्हणजे नजरेच्या कडेला उमटते, कारण डोळ्याच्या मध्यभागी काळोखात बघणाऱ्या पेशीच नसतात. नऊ-साडेनऊला पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. २०२६ च्या ऑक्टोबरात शनीही संध्याकाळपासून पूर्वेकडे असेल.

आणि ध्रुव बघा. पुण्याला तो क्षितिजापासून साडेअठरा अंशावर, इथे चाळीस अंशावर, निम्म्या आकाशाजवळ. आपण पृथ्वीवर किती वर सरकलोय ते मला विमानाच्या तिकिटापेक्षा या एका ताऱ्याने जास्त कळलं.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आईला घेऊन गेलो होतो. तिच्या माहेरी सप्तर्षीला बाज म्हणतात, तिने आल्याआल्या बाज ओळखली, स्वाती ओळखला, मग दक्षिणेकडे वळून म्हणाली विंचू दिसतोय पण याची नांगी कुठंय रे? ज्येष्ठा लालसर चमकत होती, पण खाली, फारच खाली. गावी वृश्चिक अख्खा अंगावर आल्यासारखा दिसतो, ज्येष्ठा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते, इथे चोवीसच्या वर जात नाही आणि नांगी तर जेमतेम तेरा. आम्ही खुर्च्या मक्यापासून चार-पाच मीटरवर टाकल्या होत्या, तेवढ्या अंतरावरून मका पंधरा अंश आकाश खातो. आई उठली, ताडपत्री ओढत पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला नेली, आणि तिथे मक्याच्या तुऱ्यांच्या अगदी वर नांगीचे ते दोन तारे दिसले, जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. तेव्हापासून आमचा नियम, उन्हाळ्यात दक्षिणेच्या पिकापासून निदान वीस मीटर लांब बसायचं. मग तिने अगस्ती कधी उगवतो इथे असं विचारलं. तो इथून दिसतच नाही आई, वर्षातल्या कुठल्याच रात्री नाही, चाळीस अंशावरून तो क्षितिजाच्या वर येत नाही. हे सांगताना मला जड गेलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली बरं, पण हा अभिजित मी एवढा डोक्यावर कधी बघितला नव्हता.

दोन्ही रात्री ढग आले तर पोरांचा हिरमोड होतो, त्यासाठी पार्कलँड कॉलेजचं स्टेर्कल प्लॅनेटेरियम मनात ठेवा, शोच्या वेळा आधी बघून घ्या. आणि युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या कॅम्पसवरची जुनी ऑब्झर्व्हेटरी एकदा तरी बघा, १८९६ ची आहे, आत बारा इंची दुर्बीण. तिथेच जोएल स्टेबिन्स यांनी १९०७ पासून सेलेनियमच्या सेलवर चंद्राचा आणि ताऱ्यांचा उजेड विजेच्या मापात मोजायला सुरुवात केली, त्याआधी बहुतेक माणसं नुसत्या डोळ्यांनी किंवा फोटोच्या काचेवरून अंदाज बांधायची. ज्या गावात आपण ग्रोसरी करतो तिथे हे झालंय, मला याचा फार अभिमान वाटतो. शॅम्पेन-अर्बाना ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची मंडळी लोकांना स्वतःच्या दुर्बिणींतून दाखवतात, तुम्ही नवीन आहात म्हटल्यावर आणखी आपुलकीने दाखवतात, टेलिस्कोप घ्यायचा विचार असेल तर आधी त्यांच्या चार-पाच वेगवेगळ्या यंत्रांतून बघा आणि मग पैसे घाला.

अरोराचं, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचं पण विचारतात लोक. १० मे २०२४ च्या रात्री इथून हिरवा-गुलाबी प्रकाश दिसला होता, पण ते ठरवून होत नाही, अलर्ट लावून ठेवा आणि आला की जसे असाल तसे उत्तरेकडे निघा.

निघताना लाल टॉर्चने खाली जमिनीवर नीट बघा, चमचे, मोजे, थर्मासची झाकणं हमखास राहतात, कचरा सगळा परत आणा. गाडीत बसल्यावर दोन मिनिटं हेडलाइट लावून डोळ्याला सवय होऊ द्या मग हलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरणं फार आडवी येतात, एक गेलं की मागे दुसरं असतंच, चाळीस मैलाच्या वर जाऊ नका. मागे सगळे झोपलेले असतात आणि चालवणारा एकटा जागा, त्याच्या शेजारी एकाने जागं बसायचं आणि शेवटचा कपभर चहा त्या दोघांसाठी थर्मासात राखून ठेवायचा.